साडूंचं ‘असावं’

मराठी व्याकरणातला आज्ञार्थ संपूर्ण वर्ज्य करून ज्याने लग्न केलं, संसार केला, टायपिंगचा क्लास काढला आणि पुढे त्याचा कॉम्प्युटर क्लास करून तोही चालवून दाखवला, असा या पृथ्वीतलावर एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. मी हिंगोलीला शाळेत मराठी शिकवत होतो. ‘कर, ये, ऊठ, बस’ हा आज्ञार्थ आणि ‘करावे, यावे, असावे’ हा विध्यर्थ, एवढं मी पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे, आणि पोरं दरवर्षी ते विसरत असत. माझे साडू मात्र ते आयुष्यभरासाठी मनावर घेऊन बसले होते. त्यांच्या तोंडून ‘पाणी आण’ असं कुणी कधी ऐकलं नाही. ते ‘इथं पाणी असावं’ म्हणत आणि शांतपणे बसून राहत. पाणी यायला कधी कधी फार वेळ लागे, पण त्यांचा निर्धार ढळत नसे.

आमची पहिली गाठ माझ्या लग्नात पडली. ते थोरले जावई, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. विहारातला मांडव, माणसांची ही गर्दी, आणि फोटोग्राफर घाईला आलेला. साडू त्याच्या शेजारी उभे राहून गंभीरपणे म्हणाले, “नवरदेवाची हनुवटी जरा वर असावी.” फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “असंल साहेब, पन दिसंना.” माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझी हनुवटी छातीला टेकलेली आहे, त्याचं कारण लाज नसून विध्यर्थ आहे, हे मी अजून पाहुण्यांना समजावत असतो.

कारण आपल्या भाषेतलं हे ‘असावं’ मोठं दगाबाज आहे. त्यात इच्छाही असते आणि नुसता अंदाजही. ‘दारात गाडी असावी’ म्हणजे ती यायला हवी की ती आलेली दिसते, हे ऐकणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवायचं. एकदा आम्ही दोघं हिंगोलीहून कळमनुरीला जीपने निघालो होतो. जीप म्हणजे आत जितकी माणसं तितकीच बाहेर लटकलेली. कळमनुरीचा नाका दिसू लागला तसे साडू ड्रायव्हरला म्हणाले, “नाक्यावर गाडी उभी असावी.” ड्रायव्हर म्हणाला, “असंल बाप्पा, आपल्याला काय करायचं,” आणि त्याने जीप जी सोडली ती थेट नांदेडच्या रस्त्याला. मी ‘थांबव, थांबव’ म्हणून ओरडलो तेव्हा गाव बरंच मागे पडलं होतं. उन्हातून परत चालताना मी चिडून म्हटलं, “दाजी, ‘थांब’ म्हणायला काय पैसे पडतात का?” ते माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेत म्हणाले, “थांब म्हनलं असतं तं तो थांबला असता, सर. पन मनातून थांबला असता का?” मनातून थांबणारा जीप ड्रायव्हर मला तरी सबंध जिल्ह्यात भेटलेला नाही.

घरातले सगळे आज्ञार्थ अक्कांकडे होते. त्या दोघांच्या वाटणीचे त्या एकट्या वापरत. “हे आणा, ते ठेवा, लेकराला धरा, न्हाई तं सरका तिकडं,” असा त्यांचा पट्टा सकाळपासून सुरू असे आणि साडू प्रत्येक आज्ञा निमूटपणे पाळत. हुकूम घ्यायला त्यांची कधी तक्रार नव्हती, तो द्यायची मात्र त्यांनी शपथ घेतली होती. अक्का म्हणत, “आमच्या ह्यांना पंगतीत बसवलं अन् भूक लागली, तं ‘भाकर असावी’ म्हनून उपाशी मरतील, पन ‘वाढा’ म्हननार न्हाईत.”

ही शपथ कुठून आली, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील शिरड शहापूरच्या पलीकडे एका गावात मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. वर्षाच्या बोलीवर राबायचं, आणि मालक सांगेल ते करायचं. साडू लहानपणी दुपारी त्यांची भाकर घेऊन शेतावर जात आणि बांधावर बसून राहत. “ऊठ. धर. सोड. हान. सरक. चल,” असे एकेक शब्द मोजल्यासारखे उच्चारून ते मला म्हणाले, “सर, दिवसभर मी तिथं बसून हेच ऐकायचो. माझ्या बापाला कुनी एक पुरं वाक्य बोललं न्हाई.” मग पोराने बारावी केली, टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा दिल्या, कळमनुरीला भाड्याच्या खोलीत जुनी टाइपरायटरं मांडली, आणि ठरवलं की आपल्या तोंडून कुणाला एका शब्दाचा हुकूम जाणार नाही. ‘बोटं मधल्या ओळीतल्या घरच्या अक्षरांवर असावीत. नजर कागदावर असावी. पाठ ताठ असावी.’ त्यांच्या क्लासच्या पोरी पाठ ताठ ठेवून टाइप करत. त्यांना पाहून रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा नकळत ताठ होत.

पुढे टाइपरायटरं गेली आणि खोलीत कॉम्प्युटर आले. त्याबरोबर दोन संकटंही आली. एक म्हणजे पेनड्राइव्हमधून येणारे व्हायरस, आणि दुसरं म्हणजे लोडशेडिंग. आमच्याकडे त्या काळात वीज पाहुण्यासारखी येत असे, आणि निघताना सांगून जायची रीत तिला ठाऊक नव्हती. मशीनवर एखादा प्रोग्रॅम चढवत असताना मध्येच दिवे गेले की तो अर्धा चढलेला, अर्धा लोंबकळलेला राही आणि मशीन पुन्हा उठत नसे. हिंगोलीहून दुरुस्तीवाला येई, सगळं पुसून नव्याने भरून देई, आणि तो नाक्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच वीज पुन्हा जाई.

अशात त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून सुट्टीत आला आणि त्यांना एक सीडी देऊन गेला. ती होती लिनक्स नावाच्या सिस्टीमच्या एका विचित्र जातीची. इतर मशीनला आपण हुकूम सोडत असतो, हे टाक, ते काढ, आता हे चालू कर. या सिस्टीममध्ये तसं काही करायचंच नाही. एका फाइलमध्ये नुसतं लिहायचं, की मशीनवर मराठी फाँट असावेत, टायपिंगचा प्रोग्रॅम असावा, प्रिंटर चालू असावा. मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. तो काळ्या पडद्यावरचा प्रोग्रॅम तुमची फाइल वाचतो, काय आहे आणि काय नाही ते आपलं आपण बघतो, कुठून काय आणायचं ते आणतो, आणि मशीन तुम्ही लिहिलंय तसं करून ठेवतो. साडूंनी हे वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. उभ्या आयुष्यात जे एका जीप ड्रायव्हरला पटवता आलं नाही, ते परदेशात कुणीतरी मशीनला पटवून ठेवलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “सर, विध्यर्थावर चालनारं मशीन निघालं.”

मी मुद्दाम त्यांना खिजवलं. “पण दाजी, त्या ओळीला कमांडच म्हणतात ना? कमांड म्हणजे आज्ञा. शेवटी आलातच की आज्ञार्थावर.” ते विचारात पडले आणि त्यांच्यापुढचा चहा निवून गेला. मग म्हणाले, “एकच हाय, सर. अन् त्या एका आज्ञेत कर-मर काही न्हाई. ‘लिवलंय तसं असू दे’, एवढंच हाय.” हे एवढं मोठं समाधान करून घेऊन ते निघाले, आणि आठवडाभरात क्लासमधली सगळी मशीनं विध्यर्थी झाली. त्या फाइलला ते ‘जाहीरनामा’ म्हणत. अक्कांना पहिला जाहीरनामा वाचून दाखवला तेव्हा प्रिंटरपाशी अक्कांनी थांबवलं. “प्रिंटर चालू असावा म्हनून लिवलं, ते बराबर. त्यात कागद असावा म्हनून बी लिवा, म्हंजे मला बाजारात जावं लागनार न्हाई.”

या सिस्टीमचा दुसरा गुण तर खास आमच्या भागासाठी बेतल्यासारखा होता. काम चालू असताना वीज गेली तरी तिचं काही बिघडत नसे. नवं पुरतं जमल्याशिवाय ती जुनं सोडतच नसे, त्यामुळे दिवे आले की मशीन आपलं काही झालंच नाही अशा थाटात पूर्वीसारखं उठे. आणि प्रत्येक बदलाबरोबर आधीची अख्खी अवस्था ती जपून ठेवी. तिला इंग्रजीत जनरेशन म्हणत. साडू म्हणत पिढी. नवी पिढी बिघडली तर यादीतून मागची निवडून तिच्यात परत जायचं. जुन्या पिढ्या पुसून जागा मोकळी करायचीही सोय होती, ती त्यांनी कधी वापरली नाही. डिस्क भरून गळ्याशी आली तरी पिढ्या तशाच. “मागचं पुसलं तं परतायचं कुठं?” ते म्हणत. अक्कांचं म्हणणं, घरातले रिकामे डबेही याच तत्त्वज्ञानाने साठले होते.

आता एवढ्या गुणी सिस्टीममध्येही एक खोट निघाली. तिला ‘ळ’ येत नव्हता. म्हणजे ‘कळमनुरी’ टाइप केलं की क, मग एक रिकामा चौकोन, मग मनुरी. दुसऱ्या कुणी गावाचं नाव इंग्रजीत लिहून वेळ मारून नेली असती. साडूंनी ते जिवाला लावून घेतलं. क्लासच्या पाटीवर गावाचं नाव आहे आणि क्लासच्या मशीनवर ते उमटत नाही, हे त्यांना सहन होईना. “ळ असावाच,” ते म्हणाले. त्या ‘च’ मध्ये त्यांचा सगळा स्वभाव होता. मग रोज क्लास सुटला की नवा फाँट, नवा जाहीरनामा, आणि एंटर. कधी ळ यायच्या ऐवजी ण निघून जाई, कधी सगळी मराठीच चौकोन होऊन बसे. की चालले मागच्या पिढीत, आणि पुन्हा पहिल्यापासून. महिने गेले. मी गेलो की विचारी, “आला का?” ते मान न वळवता म्हणत, “येऊन राहिला.”

याच काळात त्यांच्या मनाला खरी टोचणी होती ती वडिलांची. आई केव्हाच वारली होती, आणि म्हातारबा गावात एकटे राहत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, चूल पेटवताना हाताला चटके बसत. त्यांना कळमनुरीला आणावं हा साडूंचा ध्यास होता. दर पंधरवड्याला ते गावाकडे जात, बापाच्या पायाशी बसत आणि म्हणत, “बाबा, तुमी कळमनुरीला असावं.” म्हातारबा नुसतं हूं म्हणत. साडू परत येऊन अक्कांना सांगत, “बाबांच्या मनात न्हाई. जबरदस्ती कशी करावी?” अक्का कपाळावर हात मारून घेत. “अवो, नुसतं ‘चला’ म्हना ना त्यांना! काहून म्हननात?” पण बापाला एका शब्दाचा हुकूम द्यायचा, हे तर त्यांच्या शपथेच्या गाभ्यालाच हात घालणं होतं.

मग एका पावसाळ्यात म्हातारबा उंबऱ्याला अडखळून पडले. शेजाऱ्यांनी निरोप धाडला. साडूंबरोबर मीही गेलो. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा सुजून टम्म झाला होता आणि ते बाजेवर बसून होते. साडूंनी गुडघ्याला तेल लावलं, पाणी तापवलं, पेज केली, आणि शेवटी पायाशी बसून तेच म्हणाले, “बाबा, आता तुमी कळमनुरीला असावं, असं आमाला वाटतं.”

म्हातारबा म्हणाले, “वाटतंय तं वाटू दे.”

साडू भांडी घासायला परसात गेले. म्हातारबांनी चाचपडत माझा हात धरला. “मास्तर हायेत का? मास्तर, तुमी भाशेचे मानूस. माझं लेकरू असं काहून बोलतंय, ते मला सांगा. असावं, असावं. कोनी असावं? हितं असंल म्हनतंय, का तिथं असंल म्हनतंय, मला तं उमगंना. जल्मभर म्या हाकंवर गेलो. मालकानं चल म्हनलं, गेलो. कोनी बी चल म्हनलं, गेलो. हा माझा पोटचा, अन् हा एकदा चल म्हनंना. मी समजलो, त्याला तकलीफ होत आसंल माझी. वरवरचं बोलत आसंल.” त्यांच्या अधू डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्याही.

नाक्यावर न थांबलेली जीप मला आठवली. इतकी वर्षं बाप त्याच जीपमध्ये बसून पुढे पुढे चालला होता, आणि मुलगा मागे उभा राहून अदबीने वाट पाहत होता.

मी परसात गेलो आणि साडूंना ऐकलेलं सगळं सांगितलं. त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग म्हणाले, “सर, ज्यांनी ज्यांनी त्यांना चल म्हनलं, त्यांच्या रांगेत मला बसायचं न्हाई.” मी शाळेत कधी वापरत नाही इतक्या हळू आवाजात त्यांना माझा रोजचा धडा सांगितला. “दाजी, तुम्ही आज्ञार्थ अर्धाच शिकलात. हुकूम हा त्याचा एक उपयोग झाला. विनंतीही त्यातच होते आणि आशीर्वादही त्यातच देतात. ये, बस, जेव, सुखी राहा. आईनं लेकराला जवळ घेतलं की ती आज्ञार्थातच बोलते. तुमच्या वडिलांना मालकानं चल म्हटलं ते वेगळं, आणि तुम्ही म्हणाल ते वेगळं. शब्द एक असला म्हणून काय झालं?”

त्यांनी पातेलं विसळून पालथं घातलं. हात पुसले. आत गेले आणि बाजेपुढे उभे राहिले.  मग म्हणाले,

“बाबा, चला.”

म्हातारबांनी मान वर केली. “कवा?”

“आत्ता. घरी चला.”

“मंग माझा जोडा दे इकडं,” म्हातारबा म्हणाले. त्यांनी कुणाला ‘दे’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. साडूंनी जोडा दिला नाही, खाली बसून स्वतःच्या हाताने त्यांच्या पायात घातला. जीपमध्ये म्हातारबा पुढच्या सीटवर बसले आणि कळमनुरीच्या नाक्यावर त्यांनीच ड्रायव्हरला ठणकावलं, “थांब रं.” जीप जागच्या जागी थांबली.

तुम्हाला वाटेल, यानंतर माझे साडू इतर माणसांसारखे बोलू लागले असतील. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘इथं चहा असावा’ सुरू झालं. बदल झाला तो क्लासमध्ये. म्हातारबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि ते दिवसभर क्लासमध्ये खुर्ची टाकून बसू लागले. काळ्या पडद्याकडे बघत ते मला विचारत, “मास्तर, हे मशीन कोनाचं ऐकतंय?” मी म्हणे, तुमच्या लेकाचं. एकदा साडू पोरींना समजावून सांगत होते, की बिघडलं तरी घाबरायचं काम नाही, मागची पिढी कायम आपल्या पाठीशी असते. खुर्चीतून आवाज आला, “हाय की. बसलोय हितं.” अख्खा क्लास हसला, आणि साडू सगळ्यात जास्त.

आणि मग साडूंनी एक नवी रीत पाडली. जाहीरनामा ते स्वतः लिहीत, काळ्या पडद्यावर ती ओळही स्वतः टाइप करत, पण एंटर म्हातारबा दाबत. “जल्मभर आज्ञा ऐकल्या,” साडू मला म्हणाले, “आता ही एक त्यांनी द्यावी.” म्हातारबा बोट पुढे करून, बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसं सावकाश एंटर दाबत आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या की मागे रेलून म्हणत, “निघालं.” वीज गेली तर तिच्या नावाने दोन शब्द हासडत, आली की पुन्हा बोट पुढे करत. बापलेक दोघंही हटणारे नव्हते. असंच एका दुपारी म्हातारबांनी एंटर दाबलं, ओळी धावल्या, थांबल्या, आणि साडूंनी गावाचं नाव टाइप केलं. क उमटला. त्याच्या शेजारी चौकोनाच्या जागी दोन गोल पोटांचा, ठसठशीत ळ येऊन बसला.  म्हातारबांना वाचता येत नव्हतं, त्यांनी लेकाच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, “आलं का गाव?”

“आलं, बाबा.”

म्हातारबा त्यानंतर काही वर्षं त्या खुर्चीत बसले आणि एका उन्हाळ्यात शांतपणे गेले. तोवर गावात दुसरे क्लास निघाले होते, सगळीकडे चालते तीच सिस्टीम शिकवणारे, चकचकीत, आणि साडूंकडची पोरं कमी झाली होती. लोक म्हणत, हे विध्यर्थाचं खूळ आता सोडा. ते सोडत नव्हते. मध्ये मी गेलो तेव्हा खोलीत मोजकीच मशीनं चालू होती आणि ते एकटेच बसले होते. म्हातारबा गेल्यानंतरचा पहिला जाहीरनामा लिहून झाला होता, काळ्या पडद्यावर ती एक ओळ तयार होती आणि तिच्या टोकाशी कर्सर उघडझाप करत होता. बाजूची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्यांनी काही ठेवलं नव्हतं, अक्कांनाही ठेवू दिलं नव्हतं. एंटरचं बटण एका बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं.

मी म्हटलं, “दाजी, ओळ तयार आहे. कशाला थांबलात?”

“दोन दिवस झाले,” ते म्हणाले. “हात होईना.” मग त्यांनी ती खुर्ची पुढे ओढली, सीटवरून एकदा हात फिरवला, आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांच्या तोंडून मला आज्ञार्थ मिळाला तो तेव्हाच.

“सर, बसा,” ते म्हणाले. “तुमी दाबा.”

मी बसलो आणि दाबलं. ओळी धावू लागल्या. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत बसलो. काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं, पण ते माझ्याच्याने म्हणवलं नाही. ते साडूच हळूच म्हणाले.

“निघालं.”